खंडेनवमीचा मानकरी

दार उघडलं, पण जरा उशिरा. उशीर म्हणजे फार नाही, आलेली जांभई दाबावी इतकाच. सुनेत्रा चौगुले नवऱ्याच्या मागोमाग चालत होती, म्हणून तिच्या लक्षात आलं. झाडूवाल्या मावशींची चाहूल लागताच जे दार बाजूला सरकायचं, ते भरतेशसमोर क्षणभर विचारात पडलं. आणि भरतेश काही कालपरवाचा कामगार नव्हता. चंद्रकोर रौप्य कारखान्यातली सगळी चांदी गेली तीन वर्षं त्याच्या हातच्या मुशीत वितळत होती.

दार थांबलं याचं तिला नवल वाटलंच, पण दारापाशी तो सवयीने थांबला याचं जास्त वाटलं. म्हणजे हे आजचं नव्हतं. आणि घरी याबद्दल तो एका शब्दाने बोलला नव्हता.

"दार अडकतंय का?" तिने विचारलं.

"थंडीनं होत असेल," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

थंडीने आखडायला ते काही लाकडी दार नव्हतं. सुनेत्रानेच ते बसवून घेतलं होतं. कारखान्याची सगळी दारं साक्षी नावाच्या यंत्रणेच्या हुकमतीत होती, आणि साक्षीची देखभाल ही सुनेत्राची नोकरी होती.

हुपरीचा धंदा चांदीचा. पैंजण, करगोटे, घुंगरं. चांदी इथे एका हातातून दुसऱ्या हातात जाते आणि प्रत्येक हाताला थोडी चिकटू शकते. पूर्वी माणूस माणसाला ओळखायचा आणि त्या ओळखीवर धंदा चालायचा. पुढे गाव वाढलं, बाहेरची माणसं आली, आणि पुण्याच्या एका कंपनीने साक्षी आणली. छताला बसवलेले डोळे आणि कान, मागे एक तल्लख यंत्र. माणसाची चाल, आवाज, श्वासाचा ठेका ते वाचायचं, वर्षानुवर्षं साठवायचं आणि प्रत्येकाला शंभरपैकी एक आकडा द्यायचं. त्या आकड्याचं नाव भरवसा. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. साक्षीला ते चांदणं चोरी व्हायच्या आधीच दिसतं, असा कंपनीचा दावा होता. दोन-तीनदा तो खराही ठरला होता, त्यामुळे कारखान्याइतकाच सुनेत्राचाही साक्षीवर विश्वास होता.

त्या दिवशी तिने भरतेशचा आकडा उघडून पाहिला. नियमात बसत नव्हतं, तरी पाहिला. दसऱ्यापूर्वी सत्त्याण्णव होता, आता एकसष्ट. साठच्या खाली गेलेल्या माणसाला भट्टीजवळ उभं करत नाहीत. गावातले सगळे मोठे कारखाने हा आकडा एकमेकांना कळवतात. एकदा साठाखाली घसरलेल्याला हुपरीत पुन्हा कुणी चांदीला हात लावू देत नाही, आणि भरतेशला चांदीखेरीज दुसरं काही येत नव्हतं.

शंकेची पाल तिच्या मनात चुकचुकली ती तेव्हा.

घरी आल्यावर तिची नजरच बदलली. भरतेश जेवायचा कमी. दर गुरुवारी यायला उशीर करायचा आणि कुठे होता ते सांगायचा नाही. जेवण झालं की स्वयंपाकघरात एकटाच घुटमळायचा. ती आत आली की काही न बोलता बाहेर पडायचा. हे सगळं आधीपासून होतं की आत्ता सुरू झालं, हे मात्र तिला आठवेना. संशयाने बघायला लागलं की माणसाचं पाणी पिणंही वेगळं वाटतं.

मग एके दिवशी त्याची पँट धुवायला टाकताना पायाच्या दुमडीतून एक घुंगरू फरशीवर पडलं. हुपरीत यात नवल काही नाही. इथे घरातला केरसुद्धा कुणी फेकून देत नाही. तो झारेकरी विकत नेतो आणि धुऊन त्यातली चांदी काढतो. असं घुंगरू सापडलं की सुनेत्रा ते भरतेशच्या डब्याच्या पिशवीत टाकायची, आणि तो कारखान्यात परत द्यायचा. लग्नाला बारा वर्षं झाली, हे असंच चाललेलं होतं.

या वेळी तिने ते मुठीत धरलं आणि फळीवरच्या ओव्याच्या बाटलीत टाकलं. ओव्याला त्या घरात कुणी विचारत नव्हतं, बाटली मागच्या मागे पडलेली असायची. पुरावा म्हणून लपवलं, की तो शोधतो का ते बघायला, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. भरतेशने घुंगराबद्दल काही विचारलं नाही. त्याने विचारलं नाही याचाही तिला संशय आला. विचारलं असतं तर त्याचाही आला असता.

तिने पुण्याला केळशीकर साहेबांना फोन लावला. ते तिचे वरिष्ठ.

"सगळं हिरवं दिसतंय, मॅडम. प्रणाली एकदम ठणठणीत आहे," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि हे तुमच्या मिस्टरांचं प्रकरण आहे ना? तुम्ही लांब राहिलेलं बरं."

फोन ठेवला तेव्हा तिला कळलं, साहेबांनी आता तिच्याही नावापुढे एक छोटासा आकडा मांडला होता.

त्याच आठवड्यात कारखान्याचे चेअरमन जिनगोंडा पाटील यांनी तिला बोलावलं. अख्खं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. अण्णांचं बोलणं गूळ लावल्यासारखं, पण मुद्दा सोडायचे नाहीत.

"सोमवारी पंचांची बैठक हाय," ते म्हणाले. "भरतेशचं काय करायचं ते ठरवतोय. पोरगा चांगला हो, पण आकडा उतरतोय त्याचा."

"अण्णा, चांदी कमी झालीय का कुठं?"

"नाही झाली, मान्य. पण व्हायची वाट बघत बसू का? तुमचंच मशीन सांगतंय की, सुनेत्राताई."

तिचंच मशीन होतं.

गुरुवारी संध्याकाळी भरतेश कारखान्यातून निघाला आणि घराकडे न वळता रेंदाळच्या रस्त्याला लागला. हातात कापडी पिशवी, जड. सुनेत्रा बऱ्याच अंतरावरून मागे चालत होती. आपल्याच नवऱ्याचा असा माग काढताना तिला लाज वाटत होती, आणि तरी पाय थांबत नव्हते. गावाबाहेर पंक्चर काढायचं एक दुकान होतं. भरतेश तिथे आत शिरला. एका म्हाताऱ्या माणसाने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि कोपऱ्यात ठेवली.

ती सरळ आत गेली. पुढे काय बोलायचं ते काहीच ठरवलं नव्हतं.

"पिशवीत काय आहे?" तिच्या तोंडून निघालं.

भरतेशने तिच्याकडे पाहिलं आणि मग पिशवीकडे.

"पेरू आहेत," तो म्हणाला.

म्हातारा हसला. तिने तेव्हा त्याला ओळखलं. रसूलचाचा मुजावर. भरतेशच्या आधी भट्टी त्यांच्याकडे होती. भरतेशला मूस धरायला त्यांनीच शिकवलं. तीन वर्षांपूर्वी त्यांचा आकडा साठाखाली गेला आणि कारखान्याने त्यांना नारळ दिला.

"ये की पोरी, बस," चाचा म्हणाले आणि टायरवरची धूळ झटकून त्यांनी जागा करून दिली. "तुझा नवरा दर बेस्तरवारी येतोय. तीन वर्सांनी आठवण झाली त्याला."

"चाचांचा आकडा उतरला तेव्हा मी त्यांच्याबरोबर चहा प्यायचा सोडला," भरतेश खाली बघत म्हणाला. "सगळ्यांनीच सोडला. घर फिरलं की वासे फिरतात. आता माझ्याबरोबर कुणी पीत नाही, तेव्हा कळलं काय वाटतं ते. माफी मागायला आलो होतो. एकदा मागून जीव भागला नाही, म्हणून येत राहिलो."

"मला का नाही सांगितलं?"

"तूही आकडा बघितलाच असशील," तो म्हणाला. एवढंच म्हणाला.

सुनेत्राचे कान तापले. चाचांनी विषय बदलावा तसं मध्येच तोंड घातलं. "ह्याच्यात कुणाचा काय दोष न्हाई. त्या नारळातच कायतरी हाय बघ. खंडेनवमीला नारळ मी फोडला, आन् दिवाळी सरली न सरली तोवर माझं कपाळ फुटलं. पुढल्या साली इंदू भोसल्यांनी फोडला, त्या गेल्या. त्याच्या पुढच्या साली कोरोचीच्या सदाशिवानं, त्योबी गेला. औंदा ह्यानं फोडला."

"चाचा, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडते कधीकधी," भरतेश म्हणाला.

"एकदा पडंल की. दरसाली कावळा येऊन त्याच फांदीवर बसतोय व्हय?"

सुनेत्राने आयुष्यात कधी दाराला लिंबू-मिरची बांधली नव्हती. पण तिच्या अंगावर काटा आला. चाचांचा निष्कर्ष खुळा असेल, निरीक्षण खुळं नव्हतं. चार वर्षं, चार माणसं, चारही दसऱ्यानंतर घसरलेली.

"खंडेनवमीला नेमकं काय काय करता?" तिने विचारलं. त्या दिवशी तिला सुट्टी असायची, नारळापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. "सगळं सांगा. काही गाळू नका."

दोघांनी मिळून सांगितलं. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी यंत्रं निजवायची, हा रिवाज. हत्याराला वर्षातून एकदा विसावा मिळालाच पाहिजे. मेन बंद करायचा. साक्षी एरवी वीज गेली तरी बॅटरीवर चालते, पण त्या दिवशी तिचीही बॅटरी काढतात. भट्टी, पत्रा काढायची लाट, सगळं धुऊन पुसून हळद-कुंकू, झेंडूची माळ. मग ज्याच्यावर सगळ्यांचा सगळ्यात जास्त विश्वास असा एक जण त्या वर्षाचा मानकरी ठरतो. बाकी सगळे उंबऱ्याबाहेर हात जोडून उभे. मानकरी एकटाच आत जातो, नारळ फोडतो, मेन चालू करतो आणि भट्टीपुढे हात जोडून यंत्रं जागी होईपर्यंत थांबतो.

"एकटाच?" सुनेत्राने विचारलं.

"मानच आहे तो," भरतेश म्हणाला.

ती उठून उभी राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

साक्षी जावा नावाच्या संगणकभाषेत लिहिलेली होती. एवढी मोठी प्रणाली एकटी काम करत नाही. तिच्या पोटात शेकडो छोटे घटक असतात. ही भाषा लिहिणारे कारागीर अशा घटकाला बीन म्हणतात. एक बीन दारं सांभाळते, एक आवाज ऐकते. साक्षीत दोन बीन महत्त्वाच्या होत्या. एकीचं नाव ओळख, दुसरीचं शंका. ओळख सांगायची, समोरचा कोण. शंका ते ऐकून ठरवायची, त्याचं वागणं नेहमीसारखं आहे का.

या बीन एकमेकींना शोधत फिरत नाहीत. त्यासाठी कंटेनर नावाचा एक मुकादम असतो. प्रणाली सुरू होताना तो एकेक बीन घडवतो आणि जिला जिची गरज, तिच्या हाती ती सोपवतो. ग्यानबाची मेख इथेच असते. हाती सोपवलेली बीन कामाला तयार असेलच असं नाही. लग्नघरात आचारी येऊन चुलीपाशी बसला म्हणजे पंगत वाढायला घेता येत नाही. ओळखीला सगळ्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या चाली आणि आवाज आठवायला मिनिटभर लागायचं. शंकेला आठवण्यासारखं काही नव्हतं, ती लगेच डोळे उघडायची. तिला समोर भट्टीपाशी एकटा माणूस दिसायचा. ती ओळखीला विचारायची, हा कोण? ओळख हजर होती, पण रिकामी. ती सांगायची, माहीत नाही. आणि 'अजून माहीत नाही' आणि 'परका आहे' यातला फरक शंकेला कुणी शिकवलाच नव्हता.

पुढचं आपोआप होत गेलं. बंद कारखान्यात भट्टीजवळ एक परका माणूस शिरला, अशी साक्षीची खात्री झाली. मिनिटभराने ओळख जागी व्हायची, सगळे दिवे हिरवे. मग रोज मानकरी कामावर आला की साक्षीला वाटायचं, याची चाल त्या दिवशीच्या चोरासारखी दिसते. आज थोडी, उद्या आणखी थोडी. दार थांबायला लागलं की माणूस बावरतो, बावरला की त्याची चाल बदलते, आणि मग तर साक्षीचं म्हणणं खरंच ठरायचं.

पुण्याला हे कधी सापडलं नसतं. तिथेही खंडेनवमी होते, पण लॅपटॉपवर झेंडूचं फूल ठेवतात आणि मागचं यंत्र चालूच असतं.

सोमवारी पंच जमले तेव्हा सुनेत्राने कागद दाखवले नाहीत की पडदा दाखवला नाही. टेबलावर एक नारळ ठेवला.

"अण्णा, साक्षी बंद करून परत चालू करायचीय. मानकरी तुम्ही व्हायचं."

"मी कशाला?" अण्णा हसले. "तो वॉचमन उभा करा की."

"नाही अण्णा. ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही असा माणूस पाहिजे."

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. अण्णांनी पंचांकडे पाहिलं, धोतर सावरलं आणि आत गेले. बाकी सगळे उंबऱ्याबाहेर. भरतेशही त्यांच्यात होता, सगळ्यांपासून हातभर अंतरावर. नारळ फुटला. मेन खटकन चालू झाला. अण्णा हात जोडून भट्टीपुढे उभे राहिले आणि एकेक करून सगळे दिवे हिरवे झाले.

"काय झालं?" अण्णा बाहेर येऊन म्हणाले. "काहीच नाही झालं."

"तुमच्या केबिनमध्ये जाऊन या."

ज्या दाराने अण्णांना आजवर एकदाही पाऊल आवरायला लावलं नव्हतं, ते दार थांबलं. आलेली जांभई दाबावी इतकंच. अण्णा त्यावर आपटता आपटता वाचले. परत आले, पुन्हा गेले. पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा तर त्यांनी घसा खाकरून दाराला सांगितलं, "अरे, मी हाय!" दुपारपर्यंत त्यांचा आकडा आठाने उतरला होता.

सुनेत्राने सगळ्यांना समजावून सांगितलं, ते पंचांना कळलंही. प्रयोग आहे हे प्रत्येकाला माहीत होतं. तरी अण्णांनी खुर्ची ओढली तेव्हा शेजारच्या दोन पंचांनी नजर चुकवली. अण्णांनी ते पाहिलं.

"दुरुस्ती किती मोठी हाय?" त्यांनी विचारलं.

"एक ओळ. कंटेनरला सांगायचं, ओळख पुरती जागी झाल्याशिवाय शंकेला उठवायचं नाही."

"एका ओळीपायी चार माणसं," अण्णा म्हणाले. ते उठले, टोपी घातली आणि गाडी न काढता चालत रेंदाळच्या रस्त्याला लागले. रसूलचाचांनी त्यांना टायरवर बसवून चहा पाजला म्हणे. कामावर यायला चाचा कबूल झाले, पण एका अटीवर: नारळ फोडणार नाही. संध्याकाळपर्यंत गावातल्या इतर कारखान्यांतून सुनेत्राला फोन येऊ लागले. प्रत्येक जण आपापल्या मानकऱ्याचं नाव सांगत होता.

केळशीकर साहेबांचाही आला. "मॅडम, मी आधीच म्हणत होतो, तुम्ही लक्ष घाला," ते म्हणाले.

घरी दोघं जेवली. भट्टी राहिली होती, नाव राहिलं होतं, आता दार थांबणार नव्हतं. सुनेत्रा आज बोलत सुटली होती. अण्णा दाराशी कसे बोलले याची तिने दोनदा नक्कल केली. भरतेश हसला. मग ताट उचलून तो नेहमीसारखा स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच घुटमळला. ती सहज मागे गेली.

त्याने फळीवर हात घालून मागची ओव्याची बाटली काढली.

सुनेत्रा जागच्या जागी थिजली.

"दसऱ्यापासून पोटात गच्च होतंय," तो झाकण फिरवत म्हणाला. "जेवलं की चिमूटभर ओवा खातो. बरं वाटतं."

त्याने बाटली तळहातावर उपडी केली. ओव्याबरोबर घुंगरू खाली आलं.

"हे रोज हातात येतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी वाटलं, चुकून पडलं असेल. दुसऱ्या दिवशी कळलं, ठेवलंय."

"बोलला का नाहीत?" तिने विचारलं.

"तू विचारशील म्हणून थांबलो. रोज परत आत टाकत होतो."

तिला पुष्कळ सांगायचं होतं. आकडा, दार, गुरुवार, साक्षी काय म्हणत होती ते. इतके दिवस तिने त्याचे खिसे पाहिले, पावलं मोजली, पिशवी पाहिली, आणि त्याचं पोट दुखतंय हे तिला दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"त्या साक्षीला माणूस आठवायला मिनिटभर लागत होतं," भरतेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तेच तिला सोसेना. "तुझ्याजवळ तर बारा वर्षं होती, सुनेत्रा."

त्याने ओवा तोंडात टाकला, घुंगरू पुसून तिच्या हातावर ठेवलं.

"उद्या डब्याबरोबर दे. देऊन टाकतो," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

तिने घुंगरू डब्याच्या पिशवीत टाकलं. मग ओव्याची बाटली उचलली, झाकण घट्ट लावलं आणि फळीवर अगदी पुढे, त्याच्या हाताशी येईल अशी ठेवली.